नवकंकरीत ओळ जुळवायची घाई

प्रश्न : गणपतीत आमच्या सोसायटीत नवकंकरीची स्पर्धा असते. पहिल्या चार-पाच सोंगट्यांतच मी ओळ जुळवतो, समोरच्याची एक सोंगटी उचलतो आणि तरी हरतो. चुकतं कुठे? (कोथरूड)

उत्तर : ओळ लवकर जुळवता, तिथेच. दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. आधी सगळ्या मांडायच्या, मग लागून असलेल्या रिकाम्या घरात सरकवायच्या; आपल्या तीन एका ओळीत जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. पट म्हणजे एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यावर एकमेकांना जोडलेले, मिळून 24 घरं. यातलं कुठलंही घर घ्या, ते दोनच ओळींत येतं. त्यामुळे ओळींच्या हिशेबात सगळी घरं सारखीच. फरक पडतो तो सोंगटी हलवायला लागल्यावर. कोपऱ्यातून वाटा दोन, बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यघरातून तीन, आणि मधल्या चौकोनाच्या चार मध्यघरांतून चार-चार.

आता तुमची ओळ बघा. समजा ती बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूला आहे. म्हणजे दोन सोंगट्या कोपऱ्यात गेल्या. या ओळीला बाहेर पडायला तीनच घरं आहेत : डाव्या बाजूचं मध्यघर, उजव्या बाजूचं मध्यघर आणि मधल्या चौकोनाचं वरचं मध्यघर. समोरच्याने तिथे तीन सोंगट्या ठेवल्या की तुमच्या तीन सोंगट्या जागच्या जागी जाम. उघडता येत नाही ती ओळ पुन्हा जुळवताही येत नाही. तुम्ही त्याची एक उचललीत, त्याने तुमच्या तीन बसवून ठेवल्या. शिवाय त्याच्या सोंगट्या आयत्याच तीन-चार वाटांच्या घरांत गेल्या.

म्हणून पहिल्या तीन सोंगट्यांत चार वाटांची निदान दोन घरं आपल्याकडे घ्या. समोरच्याच्या दोन सोंगट्या एका ओळीत आल्या आणि तिसरं घर मोकळं असलं तर ते आधी अडवा. यात दिरंगाई नको. काहीच सोंगटी गेली नाही तर 18 मांडून झाल्यावर पटावर फक्त 6 घरं रिकामी उरतात. त्यांतली किती आपल्या सोंगट्यांना लागून आहेत, हे आठवी आणि नववी सोंगटी ठेवण्यापूर्वी मोजा. पहिली सोंगटी ठेवणाऱ्याने तर नक्कीच, कारण पहिली चालही त्यालाच करायची असते आणि चाल नसली की डाव गेला. ओळ जुळलीच तर समोरच्याची चार वाटांच्या घरातली सोंगटी उचला. डोळ्यांत खुपणारी कोपऱ्यातली बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

प्रश्न : एकच सोंगटी मागेपुढे करून दर चालीला आमची एक उचलतात. यावर तोड काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : ती रचना पाच सोंगट्यांची असते. बाहेरच्या चौकोनाचे वरचे दोन कोपरे, मधल्या चौकोनाचे वरचे दोन कोपरे, आणि पाचवी त्या दोन बाजूंच्या मध्यघरांत ये-जा करणारी. खाली आली की खालची ओळ जुळते, वर गेली की वरची. ती खाली असताना वरचं मध्यघर रिकामं दिसतं, पण त्या घराला लागून असलेली तिन्ही घरं त्याचीच. तुम्ही शिरणार कुठून? एकदा चालू झाल्यावर सहसा तोड नाही. मांडणी चालू असताना चार कोपऱ्यांपैकी तिसरा भरताना दिसला की चौथ्यावर बसा. तेवढंच.

तीन सोंगट्या उरल्यावर उडी मारायची मुभा तुमच्या नियमांत असेल तर मात्र त्या रिकाम्या घरात उडी मारून बसता येतं. उलट तुम्हीच जिंकत असाल आणि समोरच्याच्या चारच सोंगट्या उरल्या असतील, तर त्यातली एक उचलण्याआधी थांबा. दोन वेगवेगळ्या ओळी एका चालीवर जुळतील अशी तयारी करा, मगच उचला. एका चालीत दोन्ही अडवणं त्याला जमत नाही. फक्त त्याची स्वतःची ओळ जुळत नाहीये ना, ते तपासा.

प्रश्न : चांगले खेळाडू भिडले की डाव बरोबरीत सुटतात. मग स्पर्धेत अर्थ काय? (सिंहगड रस्ता)

उत्तर : दोघांनीही अचूक खेळ केला तर नवकंकरी बरोबरीतच सुटते, हे राल्फ गासर यांनी 1993 मध्ये संगणकावर सिद्ध केलं. चेकर्स या पटावरच्या खेळाचंही तेच, 2007 मध्ये. पण चेकर्सच्या स्पर्धा त्याआधीपासून पहिल्या तीन चाली चिठ्ठीने ठरवून खेळल्या जातात, म्हणजे पाठ केलेली सुरुवात उपयोगी पडत नाही. तुम्हीही दोघांच्या पहिल्या सोंगटीचं घर चिठ्ठीने काढा आणि त्याच मांडणीवर बाजू बदलून दुसरा डाव लावा. सलग 50 चालींत सोंगटी गेली नाही किंवा तीच मांडणी तिसऱ्यांदा आली तर बरोबरी. एका चालीत दोन ओळी जुळल्या तर उचलायची एक की दोन, जुळलेल्या ओळीतली सोंगटी उचलता येते का, उडी आहे की नाही, हे फलकावर आधीच लिहा. मांडवातली निम्मी भांडणं यावरच होतात.

प्रश्न : वाघ-बकरीत पहिली बकरी कुठे ठेवावी? (कसबा पेठ)

उत्तर : पट गावोगाव वेगळे. 25 घरं, कोपऱ्यांत 4 वाघ आणि 20 बकऱ्या असा पट असेल तर कडेच्या मध्यघरात. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून तिला खातो; कडेवरच्या बकरीवरून त्याला कडेकडेनेच उडी मारता येते, कारण बाकी दिशांनी पलीकडे पटच नाही. वाघ कडेने शेजारी आला की दुसरी बकरी पहिलीच्या मागे, म्हणजे वाघाच्या उलट बाजूला ठेवा. पलीकडच्या कोपऱ्यातला वाघ आता या नव्या बकरीला लागून आहे, पण त्याचं उतरायचं घर पहिल्या बकरीने अडवलेलं. दोघी एकमेकींना राखतात. मध्यावर बकरी टाकण्याचा मोह मात्र आवरा; तिथे ती आठही बाजूंनी उघडी पडते.