जानेवारीत लाल समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना थंडी वाजू नये म्हणून काय करावे?

तुम्ही नाशिकचे आहात, रोज गार पाण्याने अंघोळ करता, मालवणला दोनदा डाइव्ह केली आहे आणि आता जानेवारीत इजिप्तमध्ये हुरघाडाला निघालाय. तुमचा प्रश्न आहे, 3 मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी सूट) पुरेल का? नाही पुरणार. 5 मिलिमीटरचा अंगभर सूट आणि डोक्याला हूड घ्या. लवकर गारठत असाल तर 7 मिलिमीटरचा.

मीही नाशिकचीच. निफाडला पारा पाचाच्या खाली उतरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्या थंडीत वाढलेल्या माणसाला 21-22 अंशांचं पाणी काय करणार, असं मलाही वाटायचं. तेवढ्या हवेत आपण स्वेटरसुद्धा घालत नाही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. गार पाण्याची सवय असली की पाण्यात उतरताना श्वास अडकत नाही, छातीत धस्स होत नाही, इतकाच तिचा फायदा. ऊब जायची ती जातेच. शिवाय टाकीतली हवा कोरडी आणि गार असते, ती प्रत्येक श्वासाला शरीराला तापवून घ्यावी लागते. खोल जाल तशी ती हवा दाट होते आणि हा खर्च वाढतो.

पहिल्या खेपेला मला बोटीवर भाड्याचा सूट मिळाला, तो कमरेत सैल होता. पहिली डाइव्ह छान झाली. दुसऱ्या डाइव्हला अर्ध्या तासाने जबडा थरथरू लागला, माउथपीस दातांत धरवेना. तरी मी गाइडला खूण केली नाही. सगळ्यांची डाइव्ह माझ्यामुळे कशाला मोडायची, असं वाटलं. वर आल्यावर बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटचं, बक्कल दाबायला बोटांत जोरच नव्हता, माझ्या बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, ते उघडलं. हेच खाली काही अडचण आली असती तर? म्हणून कळकळीने सांगते, थंडी सोसण्यात पाण्याखाली काहीच शौर्य नाही. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळायचे, ही 'मला थंडी वाजतेय' अशी खूण आहे. हुडहुडी सुरू झाली की ती करायची आणि अंगठा वर करून डाइव्ह संपवायची. गारठलेल्या हातापायांत रक्त कमी फिरतं, त्यामुळे तिथे दाबाने विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो. थंड पाण्यात मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने दाखवलेल्या वेळेच्या मर्यादेला भिडू नका, दुसरी डाइव्ह उथळ आणि छोटी ठेवा.

सूटची जाडी सगळे विचारतात, पण खरं काम अंगाला नेमक्या बसणाऱ्या मापाने होतं. सूटच्या आत पाण्याचा पातळ थर अडकतो आणि अंगाच्या उबेने तापतो. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला तो थर बाहेर जातो आणि पाठीवरून गार पाण्याची धार येते. घालून पाहताना काखेत, मानेपाशी आणि कमरेच्या खोलगट भागात बोटं फिरवून बघा; तिथे पोकळी नको. खोल श्वास मात्र मोकळेपणी घेता आला पाहिजे. आणखी एक गोष्ट, निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या रबरातले, वायूचे बुडबुडेच ऊब धरतात आणि 10 मीटरवर दुप्पट दाबाने ते निम्मे होतात. म्हणजे सगळ्यात गार वाटतं तिथेच सूट पातळ झालेला असतो.

जाड सूट जास्त तरंगतो, त्यामुळे बुडण्यासाठी मालवणला कमरेला लावलेलं शिशाचं वजन इथे पुरणार नाही. पहिल्या डाइव्हआधी किनाऱ्याजवळ वजन तपासून घ्या.

बोटीवर वारा ओल्या अंगाला फार झोंबतो. दोन डाइव्हच्या मध्ये सूट काढून, अंग कोरडं करून, विंडचीटर आणि चक्क आपली कानटोपी घाला. मी थर्मासमध्ये कोमट पाणी नेते आणि दुसऱ्या डाइव्हआधी सूटच्या गळ्यातून आत सोडते. पहिला गारठा त्याने टळतो. चहा प्या, शेंगदाण्याची चिक्की खा आणि पाणी पीत राहा. थंडी आणि दाबामुळे लघवी जास्त होते, म्हणून पाणी कमी पिणं ही चूक अनेक जण करतात. दारू अजिबात नको, तिने कातडीकडे रक्त धावतं आणि उलट ऊब जाते. डाइव्ह संपल्या संपल्या कडकडीत गरम पाण्याखाली उभं राहणंही टाळा, थोडा वेळ जाऊ द्या.

सूट तिथे भाड्याने मिळेल. हूड मात्र तुमच्या डोक्याच्या मापाचा मिळेलच असं धरून चालू नका. तो इथूनच विकत घेऊन बॅगेत टाका.