नुसतं 'बारीक' लिहून भागत नाही

तू लिहिलेला, ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या भाजीवालीचा परिच्छेद वाचला. 'बारीक' लिहिलंस, पण बारीक म्हणजे कशी? शेलाटी, किडकिडीत, काटकुळी, हडकुळी, रोडावलेली, हे सगळे वेगवेगळे देह आहेत. शेलाटीत डौल आहे, हडकुळीची हाडं दिसतात. आणि रोडावलेली म्हटलं की ती आधी अंगानं भरलेली होती, हेही सांगून होतं. एका शब्दात तिचं मागचं वर्ष येतं बघ.

डोळे घारे असतील तर घारे लिही, 'हिरवट तपकिरी' कशाला? लंगडा, चकणा असलं मात्र ओळख म्हणून चिकटवू नकोस, मला ते फार खुपतं.

सगळ्यात जास्त चुकतो तो आवाज. घोगरा, किनरा, चिरका की बसका, हे घरी बसून ठरत नाही. संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर तासभर डोळे मिटून ऐक. तिथल्या एका भेळवाल्याला मी कित्येक दिवस 'मोठ्या आवाजाचा' लिहीत होतो. तो खणखणीत होता! शब्द सापडला आणि पुढची तीन वाक्यं खोडली.

अडलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघड, १८५७ ची दुसरी आवृत्ती. मग भाजीवालीचा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव.