पेट्रोलने काही होत नाही, असं पूर्वी कंपन्याही सांगत होत्या का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात होटगी रोडच्या गॅरेजमधले मामा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये उघड्या हातांनी धुतात आणि 'एवढ्यानं काय होतंय?' म्हणतात. कंपन्याही पूर्वी असंच सांगायच्या का?

सांगायच्या, आणि तेही हात धुऊन दाखवून. जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीच्या थॉमस मिजलींना १९२१ मध्ये सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिनचं नॉकिंग, म्हणजे आतली ठोकठोक, थांबते. हे शिशाचं संयुग, पण विकताना नाव दिलं 'एथिल'. शिशाचा उच्चारच नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या, हेच द्रव बनवणाऱ्या कारखान्यात भ्रम होऊन, झटके येऊन पाच कामगार दगावले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. आदल्या वर्षी ते स्वतःच शिशाच्या विषबाधेमुळे रजेवर होते, हे मात्र सांगितलं नाही.

शिसं मिनिटात मारत नाही. ते हाडांत साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं. त्यामुळे त्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नव्हतं.

पुढची चाल जास्त हुशारीची होती. कंपन्यांच्या पैशांवर संशोधन करणारे रॉबर्ट केहो म्हणत, शिसं सगळ्यांच्याच शरीरात असतं, म्हणजे ते नैसर्गिक. अपाय होतो हे आधी सिद्ध करा. तुलनेला त्यांनी मेक्सिकोतले खेडूत घेतले, पण त्यांच्या भांड्यांच्या झिलईतच शिसं होतं! जिच्याशी तुलना करायची ती मोजपट्टीच दूषित. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की 'नेहमीचं' प्रमाण म्हणजे 'नैसर्गिक' नव्हे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २०००ला बंद झालं.

आता मामांचं. आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही, पण बेंझिन आहे: मर्यादा आकारमानाने १ टक्का. याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की कापलेल्या डब्यातलं पेट्रोल झपाट्याने उडतं आणि छातीत जातं. कातडीतूनही थोडं शिरतं.

पार्ट डिझेलमध्ये धुवावेत, ते कमी उडतं. काम शटरबाहेर करावं. नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) हातमोजे घालावेत. साध्या रबराचे पेट्रोलमध्ये फुगतात, आणि नायट्राइलचेही भिजले की लगेच बदलायचे. शेवटी साबण-पाणी, पेट्रोलने हात धुणं नाही. आणि नळी तोंडाने ओढून टाकी रिकामी करायची नाही. घोट गेलाच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. उलटीतलं पेट्रोल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.