प्रसिद्ध डावांतल्या पोझिशन देऊन बुद्धिबळाच्या इंजिनांची परीक्षा घेता येते का?

ग्रँडमास्टरांच्या गाजलेल्या खेळ्या इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामला, सापडतात का, हे बघून कोणतं इंजिन सरस ते ठरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. तशी क्रमवारी लावता येणार नाही. मात्र इंजिन कुठे अडतं आणि का अडतं, हे यातून फार छान कळतं. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

आधी पोझिशन, म्हणजे पटावरची मांडणी, पारखून घ्या. खेळीपुढे दोन उद्गारचिन्हं (अप्रतिम खेळीची खूण) छापली आहेत म्हणून तीच बरोबर, असं धरू नका. नेदरलँड्समधली वाइक आन झे स्पर्धा, १९९९: पांढऱ्याकडून खेळणाऱ्या कास्पारोवने टोपालोवविरुद्ध २४व्या खेळीला डी४वर हत्ती दिला. टोपालोवने तो घेतला आणि काळ्या राजाची पटभर फरफट झाली. डाव अप्रतिमच आहे. पण हत्ती न घेता राजा बी६ला नेला असता तर काळा तगला असता. मग इंजिनाने तो हत्ती दिलाच नाही, तर त्याला नापास कसं करायचं? १९५६ साली तेरा वर्षांच्या फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर सोडून उंट ई६वर आणला, ती खेळी आजचं कुठलंही चांगलं इंजिन लगेच दाखवतं. त्यातून काहीच कळत नाही.

माझी आवडती परीक्षा म्हणजे स्पेनमधल्या लिनारेस स्पर्धेतला टोपालोव-शिरोव डाव, १९९८. दोघांकडे विरुद्ध रंगाच्या घरांवरचे उंट, काळ्याची दोन प्यादी जास्त. असे डाव बरेचदा बरोबरीत सुटतात. ४७व्या खेळीला काळ्याकडून खेळणाऱ्या शिरोवने उंट एच३वर ठेवला, प्याद्याच्या तोंडात! काळ्या राजाला एफ५वरून ई४ला पोहोचायचं होतं आणि एफ५वर त्याचाच उंट बसला होता. उंट दुसरीकडे कुठे हलवला तर तेवढ्या वेळात पांढरा राजा मध्यभागी येतो. एच३वर दिला की पांढऱ्याची एक चाल तो घेण्यात जाते, आणि मग ए आणि डी पट्टीवरची प्यादी एकटा उंट अडवू शकत नाही. जुनी इंजिनं इथे अडायची. कारण नुकसान लगेच दिसतं, फायदा कितीतरी चालींनंतर. शिवाय बाकीच्या खेळ्यांतही दोन प्याद्यांची आघाडी दिसत असल्यामुळे त्यांना शोधत बसायची गरजच वाटत नसे.

म्हणून खेळी पडद्यावर आली की तिथेच थांबू नका. ती टिकते का बघा, इंजिनाचं मूल्यांकन (कोण किती पुढे आहे याचा आकडा) खरोखर उसळी घेतं का बघा. मग उंट घेतल्यानंतरची पोझिशन देऊन पुढचा डाव इंजिनाकडून खेळून घ्या. चुकीच्या कारणाने बरोबर खेळी निवडणारी इंजिनं भरपूर असतात. प्रत्येक पोझिशनआधी हॅश (इंजिन आधीचं विश्लेषण साठवतं ती मेमरी) रिकामा करा, नाहीतर आधीचं विश्लेषण मदतीला येतं. एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोध) वापरलेत तर त्याच पोझिशनला दर वेळी वेगळा वेळ लागेल, तेव्हा एक थ्रेड ठेवा किंवा अनेकदा चालवून बघा. आणि तुलना सेकंदांवर करा. ‘डेप्थ ३०’, म्हणजे शोधाची खोली ३०, ही प्रत्येक इंजिनात वेगळीच गोष्ट, कारण न तपासताच सोडून द्यायच्या खेळ्यांच्या फांद्या कोण किती छाटतो ते ज्याचं त्याचं.

इंजिनांची खरी ताकद मात्र आपापसांतल्या डावांवरूनच ठरते. स्टॉकफिश या इंजिनात एखादा बदल घ्यायचा असेल तर ‘फिशटेस्ट’ या त्याच्या चाचणी यंत्रणेवर जुन्या आणि नव्या आवृत्तीत हजारो डाव खेळवले जातात. शिरोवचा उंट पटकन सापडावा म्हणून कुणी छाटणी कमी केली, तर एरवीच्या डावांत तेच इंजिन कमजोर पडू शकतं.