जिममध्ये सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं, काय करावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोथरूडला वर्षाची फी भरून जिम लावली, वजन बरंच आहे, ट्रेडमिलवर चालण्यापर्यंत ठीक, पण डंबेल-रॉडच्या बाजूला गेलं की आरशातून लोक बघताना दिसतात. मग हातपाय आखडतात आणि अर्ध्यातच बॅग उचलून निघावंसं वाटतं. शिवाय ढगळ टीशर्ट घातला तर बरं पडेल का, हेही शेवटी विचारलंय.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, "अहो, कोणी बघत नाही, सगळे आपापल्या व्यायामात असतात." असं सांगणारे एकतर जिमला गेलेले नसतात, नाहीतर डोळे मिटून व्यायाम करत असावेत. मी तुमच्याच भागात, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये बरीच वर्षं जातेय, वय पन्नाशीला टेकलंय, आणि मी सांगते, बघतात. मीसुद्धा बघते. फक्त बघताना डोक्यात समोरचा माणूस असतोच असं नाही.

जरा हिशोब करा. वजन उचलायचा एक सेट, म्हणजे न थांबता केलेली एक फेरी, अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो. त्यानंतर विश्रांती दीड-दोन मिनिटं, वजन जड असेल तर तीनसुद्धा. म्हणजे तासभर जिममध्ये असलेला माणूस प्रत्यक्ष वजन उचलतो पंधरा-वीस मिनिटं आणि उरलेला वेळ बाकावर घाम पुसत बसतो. त्या वेळात डोळे कुठेतरी ठेवायला हवेत. तीन भिंतींना आरसे, त्यामुळे कुठेही ठेवले तरी कोणावर तरी पडणारच. आणि आरशात तुम्हाला ज्याचे डोळे दिसतात त्याला तुमचेही दिसतात, तेव्हा तो बिचारा घरी जाऊन काय सांगत असेल कोण जाणे. आपल्याकडे रस्त्यात जेसीबी खोदत असला तरी दहा माणसं गाडी कडेला लावून बघत उभी राहतात. त्या जेसीबीबद्दल त्यांचं काही मत नसतं.

एकदा केबलच्या मशीनवर होते. इअरफोन घातलेला एक धिप्पाड पोरगा आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. मी टीशर्ट खाली ओढला, पोट आत घेतलं, मनात म्हटलं, याला एवढं काय दिसतंय? शेवटी इअरफोन काढून जवळ आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "काकू, अजून किती सेट?" त्याला मशीन हवं होतं. संध्याकाळी सातच्या गर्दीत कितीतरी नजरा अशा मशीनवर लागलेल्या असतात, आपण नुसते मधे आलेलो असतो.

२००० साली कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावला. कॉलेजच्या पोरांना लाज वाटावी म्हणूनच तो निवडला होता. मग त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत थोडा वेळ पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज असा, की निम्म्यांनी तरी ते चित्र टिपलं असणार. प्रत्यक्षात सांगता आलं साधारण चौथ्या हिश्शाला. 'कोणी बघत नाही' याचा पुरावा म्हणून हा प्रयोग सांगायची पद्धत आहे. मला त्यातला तो चौथा हिस्सा जास्त कामाचा वाटतो. तेवढे लोक बघणारच, हे धरून चालायचं आणि पुढचं ठरवायचं.

आता तुमचे आखडणारे हातपाय. हा तुमचा भित्रेपणा नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये यावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, आजूबाजूला माणसं असली की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं आणि नवं, न जमणारं काम आणखी बिघडतं. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांवर हे पाहिलं गेलं. चार जण टेबलापाशी येऊन बघत उभे राहिले, तेव्हा चांगल्या खेळाडूंचे साधलेले फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. बघणारे तेच चौघं. तुम्ही ट्रेडमिलवर का आखडत नाही, याचं उत्तर इथे आहे. चालणं तुम्हाला वयाच्या पहिल्या वर्षापासून येतं. स्क्वॉट, म्हणजे जिममधली बैठक, आत्ता शिकताय.

म्हणून माझा सल्ला एवढाच, की नवं काही असेल ते नजरेआड शिका आणि शिकलेलं गर्दीत करा. लोक नेमकं उलटं करतात. ट्रेनर सांगतो म्हणून संध्याकाळी साडेसातला, फ्लोअरच्या मधोमध, आयुष्यातला पहिला डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचा रॉड उचलत उभं राहणं) मारायला जातात.

घरी काय करता येईल? खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, हाच स्क्वॉट. आधी उंच खुर्ची, मग स्टूल, मग पाट. डेडलिफ्टसाठी झाडूची काठी पाठीला उभी धरा. डोकं, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून कमरेतून पुढे वाका. तिन्हीपैकी एक जागा सुटली, तर तिथे पाठ वाकली. आरसा लागत नाही, ट्रेनर लागत नाही, बघायला फार तर घरातली मांजर. दोन-चार आठवडे हे करून मग जिममधल्या रॉडपाशी जा.

वेळ निवडता येत असेल तर निवडा. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर सगळीकडे गर्दी. दुपारी मोकळं असतं, पण बऱ्याच जिम दुपारी बंदच ठेवतात (पुणं आहे, जिमलाही झोप लागते). साडेनऊ-दहाच्या सुमाराला एक पट्टा मिळतो, नोकरीवाले गेलेले आणि शटर अजून खाली यायचं असतं. रात्री बंद व्हायच्या आधीचा तासही बरा. गणपतीच्या आधी संध्याकाळची बरीचशी पोरं ढोल-ताशाच्या सरावाला पळतात, ते दिवस नवं काही शिकायला उत्तम.

रॉडला प्लेट न लावता नुसता रॉड उचलायची लाज वाटते, असंही तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. ऑलिम्पिक मापाचा रिकामा रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५ किलोचा. ते काही थोडं वजन नाही. आणि जिममधला सगळ्यात तगडा माणूससुद्धा वॉर्मअपचा पहिला सेट त्याच रिकाम्या रॉडवर मारतो. उद्या गेलात की मुद्दाम बघा. (बघा म्हणजे तुम्हीही बघणाऱ्यांत आलात.)

माझे वडील तरुणपणी शुक्रवार पेठेतल्या एका तालमीत जायचे. आम्हा मुलींना आत जायची सोय नव्हती, त्यामुळे जे माहीत आहे ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं. लाल मातीचा आखाडा, मातीत हळद, ताक, तेल मिसळलेलं, कोपऱ्यात मारुती आणि सगळे लंगोटावर. अंगावर लपवायला काही नसताना कोणी लाजत नव्हतं का? मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, तिथे बघायचं काम वस्तादांचं होतं. जोर मारताना कोपर कुठे जातंय, बैठकीत टाच उचलली जातेय का, हे ते बघत आणि तिथल्या तिथे ओरडत. ज्या दिवशी वस्ताद आपल्याकडे बघायचे नाहीत, त्या दिवशी वाईट वाटायचं.

आजच्या जिममध्ये बघणारे पन्नास आणि बघायची जबाबदारी एकावरही नाही, गोची तिथे आहे. तेव्हा कोणाला तरी ते काम नेमून द्या. शेजारी जो शांतपणे, नीट व्यायाम करतोय त्याला सांगा, "जरा बघता का, खाली जाताना पाठ वाकतेय का?" ज्याच्या नजरेची भीती वाटत होती तोच आता तुमची पाठ तपासत उभा राहतो आणि बाकीच्यांचा विसर पडतो. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड वर ढकलताना, तर "भाऊ, जरा सपोर्ट द्या" म्हणावंच लागतं, रॉड छातीवर अडकला तर लाजून भागत नाही. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. उलट सल्ले इतके मिळतात की थांबवावं लागतं.

आरशाकडे तोंड करायलाच हवं असंही काही नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत समोर आरसा नसतो, तीन पंच असतात. आरशाकडे पाठ करून स्क्वॉट मारा, निम्मे बघे तिथेच गायब होतात. सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्यांत तुमच्या-माझ्या आकाराची माणसं भरपूर असतात. त्यांच्यात लाजताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. तिथे स्वतःचं ध्यान दिसत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

काही वेळा लाज आपल्या मनातून येत नाही, आणून दिली जाते. मी आधी जिथे जायचे तिथला ट्रेनर वजनकाट्यावर उभं करून आकडा फ्लोअरभर ऐकू जाईल असा वाचायचा आणि वर "काकू, दिवाळी फार झाली वाटतं!" मी त्याला म्हटलं, "आकडा मनात वाचायचा, मला डोळे आहेत." त्यानंतर मनात वाचू लागला. असं कोणी करत असेल तर ऐकून घेऊ नका. फी तुम्ही भरलीय.

तुम्ही स्त्री की पुरुष, ते लिहिलेलं नाही. स्त्री असाल तर वरच्या सगळ्या हिशोबातून एक नजर वेगळी काढावी लागेल. रिकामी नजर परत रोखून बघितलं की खाली जाते, फार तर माणूस ओशाळून मान हलवतो. जी नजर परत परत येते, तुम्ही मशीन बदललं की बघणाराही मशीन बदलतो, किंवा मोबाइल उगाच तुमच्या दिशेनं उभा धरलेला असतो, तिथे 'माझ्याच मनाचे खेळ' म्हणून स्वतःला समजावू नका. मालकाला तोंडी सांगा आणि लगेच व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवा, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणता येत नाही. कपडे बदलताना चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि नको म्हटल्यावरही मागे लागून बोलायला बघणं कलम ७८ खाली. वेळ पडली तर ११२ आहेच. रील काढणाऱ्यांचा त्रास त्या मानाने साधा. "मी मागे येतेय, फ्रेम वळवा" म्हटलं की वळवतात, तोंड वाकडं केलं तरी.

राहिला टीशर्ट. फार ढगळ नको. त्याचा घोळ केबलमध्ये नाहीतर बेंचच्या खाचेत अडकतो, आणि ज्याला पाठ बघायला सांगितलीय त्याला पाठच दिसत नाही. अंगाबरोबर राहील इतपत सैल घ्या, पायजमा असा की गुडघा कुठे वळतोय ते कळावं. रंग काळा किंवा गडद निळा. करडा मात्र अजिबात घेऊ नका, त्यावर घामाचा नकाशा उमटतो.