फेकणारा झेलणारा होतो तेव्हा

ओहायोतील एका आईचे पत्र आले आहे. मुलगा एका लहान महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि शाळेपासून तो अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा म्हणून, खेळत आला आहे. गेल्या हंगामात त्याच्या उजव्या खांद्यातील लेब्रम ही कूर्चा फाटली व शस्त्रक्रिया झाली. आता प्रशिक्षकांनी त्याला वाइड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन तो फेकलेला चेंडू झेलणारा, होण्याविषयी विचारले आहे. वडिलांचे म्हणणे असे की, खेळ पुरे झाला, आता पदवीकडे लक्ष द्यावे. नाशिकहून आजोबांनी फोनवर विचारले, “म्हणजे आता तो राखीव का?” मुलगा फारसे बोलत नाही, मात्र रात्री गॅरेजच्या दारावर टेनिसचा चेंडू मारून डाव्या हाताने झेलत बसतो आणि फ्रिजच्या वरच्या फळीवरचे दूधही डाव्याच हाताने काढतो, असे आईने लिहिले आहे. “आम्ही त्याला परवानगी द्यावी का?” हा त्यांचा प्रश्न.

ताई, प्रथम त्या ‘परवानगी’ या शब्दाविषयी. अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची वैद्यकीय माहिती त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर आईवडिलांना देऊ शकत नाहीत, आणि महाविद्यालयात गेल्यावर त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्कही त्याचाच होतो. आपल्याकडे शाळेत जाऊन बाईंना भेटण्याची जी सवय असते, ती येथे उपयोगी पडत नाही. वडिलांनी थेट प्रशिक्षकांना फोन केला, तर त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते. त्यामुळे संघाच्या डॉक्टरांशी व खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरशी आपल्याला बोलायचे असेल, तर त्याच्याकडून संमतिपत्रावर सही घ्यावी, किंवा याहून बरे म्हणजे, त्याच्यासोबत बसून प्रश्न लिहून द्यावेत आणि विचारण्याचे काम त्याच्यावर सोडावे.

त्या प्रश्नांतील सर्वांत मोठा प्रश्न खांद्याचाच आहे, आणि आपल्या पत्रात नेमका तोच नाही. खांद्याची वाटी उथळ असते. बशीवर लिंबू ठेवावे तसे दंडाच्या हाडाचे डोके तिच्यावर टेकलेले असते, आणि बशीची कड उंच करणारी कूर्चेची जी कडी तिच्याभोवती असते, ती म्हणजे लेब्रम. ही कडी वरच्या बाजूला फाटली असेल, तर पुष्कळदा वारंवार फेकण्याचा ताण त्यामागे असतो, आणि फेकणे थांबवले की त्या जागेवरचा मोठा भार खरोखरच कमी होतो. परंतु ती पुढच्या बाजूला फाटली असेल, म्हणजे खांदा निखळला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. रिसीव्हर चेंडूसाठी हात डोक्याच्या वर नेतो, त्याच क्षणी बचाव करणारा खेळाडू त्याच्यावर आदळतो आणि तो पसरलेल्या हातावर पडतो. निखळणाऱ्या खांद्याला सर्वांत भीती असते ती याच अवस्थेची. अशा वेळी जागा बदलल्याने खांदा वाचतो असे मानणे चुकीचे ठरेल. एकच शस्त्रक्रिया, एकच नाव, पण सल्ला अगदी उलटा होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ‘कोणत्या बाजूला आणि कशामुळे’ हे विचारल्याशिवाय घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

आणखी एक बाब, जी मैदानाच्या कडेला बसलेल्या पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. तिचा अर्थ एवढाच की, याला कोणी धक्का लावायचा नाही. रिसीव्हर झाल्यावर ती जर्सी उतरते. सामन्यात चेंडू धावून नेला जात असेल, तेव्हा रिसीव्हरला चेंडू मिळत नाहीच, उलट समोरच्या खेळाडूला दोन्ही हातांनी अडवून धरावे लागते, आणि ते काम खांद्यावरच पडते. लेब्रम जोडल्यानंतर साधारणपणे चार महिन्यांच्या सुमारास हलक्या फेकीचा क्रम सुरू होतो आणि पूर्ण जोराने फेकायला नऊ महिने ते वर्ष लागते, असे त्याला सांगितले गेले असेल. अंगावर आदळून घेण्यासाठीची मुदत मात्र वेगळी ठरवली जाते, ती त्याने स्वतंत्रपणे विचारावी.

आपण ओहायोत राहता, म्हणून ब्रॅक्स्टन मिलरचे नाव आपल्या मुलाला सांगावे लागणार नाही. कदाचित घरातील मोठ्यांना सांगावे लागेल. ओहायो स्टेट विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक 2012 व 2013 या दोन्ही वर्षी बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटातील सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. त्याच्या उजव्या खांद्यावर 2014च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरावात, कोणाचाही धक्का न लागता, एक साधा चेंडू फेकताना तो लेब्रम पुन्हा फाटला. त्याचा तो संपूर्ण हंगाम गेला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट नोव्हेंबरमध्ये घोटा मोडून बाहेर पडला, मग तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स आला, आणि जानेवारी 2015 मध्ये संघाने ऑरेगनला 42–20 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मिलर बरा होऊन परतला, तेव्हा त्याच्या जागेसाठी दोन सिद्ध झालेले खेळाडू उभे होते. जुलै 2015 मध्ये त्याने जाहीर केले की, आपण रिसीव्हर म्हणून खेळू. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला व्हर्जिनिया टेकविरुद्ध त्याने 54 यार्डांचा चेंडू झेलून एक टचडाउन केला (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले) आणि 53 यार्ड धावत दुसरा; त्या धावेत गर्रकन गिरकी घेऊन त्याने बचावपटूला जागच्या जागी चकवले, ती धाव आजही लोक काढून पाहतात.

येथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. मला तिच्यातील दोन बारीक मुद्दे अधिक महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की, जागा बदलण्यामागे फक्त खांदा नव्हता, संघातील गर्दीही होती. आपल्या मुलाच्या प्रशिक्षकांनी हा प्रस्ताव डॉक्टरांशी बोलून मांडला आहे की नवा क्वार्टरबॅक हाती लागल्यामुळे, हे मुलाने सरळ विचारण्यात गैर काही नाही. दुसरा असा की, निर्णय घेतला तेव्हा मिलरची पदवी पूर्ण झालेली होती. पुढे 2016 मध्ये ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत, 85व्या क्रमांकावर निवडले, आणि तेथे तो दोन हंगाम खेळला. इतक्या नावाजलेल्या खेळाडूची ही व्यावसायिक कमाई! वडिलांचा पदवीचा आग्रह म्हणूनच मला अनाठायी वाटत नाही. फक्त तो खेळ सोडण्याशी जोडू नये. आपल्या मुलाचे महाविद्यालय महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या विभागात, डिव्हिजन थ्रीमध्ये, आहे असे आपण लिहिले आहे, आणि त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, त्यामुळे तो खेळला नाही तर फी वाढेल ही वडिलांची धास्तीही निराधार आहे. राहिला प्रश्न वेळापत्रकाचा, आणि ते दोन्ही जागांवर सारखेच जड असते.

आजोबांना काय सांगावे, असेही आपण विचारले आहे. त्यांना रवी शास्त्रींची आठवण करून द्यावी. 1981 मध्ये वेलिंग्टनला पहिला कसोटी सामना खेळताना ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते आणि दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला येत. त्याच माणसाने 1992 मध्ये सिडनीला सलामीला येऊन 206 धावा केल्या. तेथे कारण दुखापतीचे नव्हते, हे मान्य. पण जागा बदलणारा माणूस राखीव होत नाही, एवढे नाशिकमध्ये पटायला हे पुरे आहे.

मुलाच्या गप्प राहण्याविषयी मात्र मी थोडी सावध आहे. क्वार्टरबॅकच्या हातात जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू येतो. चाल ठरवायला खेळाडू घोळका करून उभे राहतात, त्या हडलमध्ये दहा जण त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. रिसीव्हर अख्खा सामना जीव तोडून धावतो आणि चार चेंडू त्याच्याकडे आले तर तो दिवस चांगला मानतो. हे जे कमी होते ते आकड्यांत दिसत नाही, आणि ‘अरे, खेळायला तर मिळते ना’ असे म्हटल्याने ते भरूनही येत नाही. त्याला त्याबद्दल वाईट वाटू द्यावे. त्याच्या जमेला एक गोष्ट नक्की आहे: इतकी वर्षे त्याने प्रत्येक रिसीव्हरचा रस्ता पाठ केला आहे, बचावपटू कोठे सरकला की चेंडू कोठे यायचा हे त्याला फेकणाऱ्याच्या बाजूने ठाऊक आहे, आणि नव्या रिसीव्हरांना हेच शिकायला फार काळ लागतो. पायांचे मात्र त्याला पहिल्यापासून शिकावे लागेल, कारण पूर्ण वेगात धावून एकदम थांबण्याने मांडीचे स्नायू दुखावतात, आणि क्वार्टरबॅकला तसे धावण्याची सवय नसते.

आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की, शाळेच्या दिवसांत तो अंगणात फेकत असे आणि वडील झेलत, आणि त्यांची बोटे सुजत. डॉक्टरांनी झेलण्याची मुभा दिली की आता हे काम उलटे करायचे आहे, आणि रिसीव्हरला सराव करायचा तर कोणीतरी फेकणारा लागतोच. सुरुवातीला टेनिसचा चेंडू चालेल. नंतर तो लांबट चेंडू फिरकी देऊन सरळ फेकायला वडिलांना शिकावे लागेल, आणि बोटे शिवणीवर कशी ठेवायची हे सांगणारा घरात आहेच.