आरसीसीबी पडतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा जवळ आला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं वाढतात: डीबीमधला (म्हणजे घरातल्या विजेच्या पेटीतला) तो छोटं 'टी' बटण असलेला, गळती झाली की आपोआप बंद होणारा, म्हणजे 'पडणारा' स्विच. बरेचजण अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. ते नाव मुळात व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या यंत्राचं. आज दुकानात मिळतो तो आरसीसीबी. यावेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

आमची चाळीतली एक खोली. गेल्या वर्षी फ्यूज काढून एमसीबी बसवले. वायरमन म्हणतो, आता ईएलसीबीची गरज नाही. शिवाय खोलीत अर्थिंगच नाही, मग बसवून तरी उपयोग काय? (लालबाग)

एमसीबी म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला आपोआप पडणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. मोरीजवळ ओल्या पायांनी उभं राहून वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि पत्र्यात करंट उतरलेला असला, तर शरीराचा रोध 1000 ओहम धरून 230 व्होल्टला अंगातून साधारण 230 मिलिअँपिअर जातील. माणसाचं हृदय थांबायला तेवढे पुरेसे आहेत. तुमचा सगळ्यात छोटा एमसीबी 6 अँपिअरचा, म्हणजे 6000 मिलिअँपिअरचा. त्याला काही झाल्याचं कळणारही नाही.

आरसीसीबी वेगळी गोष्ट मोजतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या आतल्या एका गोल गाभ्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, तर तो गप्प राहतो. मधेच काही अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर तो पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान कुठेतरी पडतो. 30 ला जास्तीत जास्त 300 मिलिसेकंदांत आणि 150 च्या वर गळती असेल तर 40 मिलिसेकंदांत. झटका जाणवतो, पण जीव वाचतो. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर त्याच्या हिशेबात तुम्ही बल्बसारखेच. तेव्हा तो पडणार नाही.

अर्थिंग नसतानाही तो चालतो, म्हणून तो लगेच बसवा. फरक एवढाच की अर्थिंग नसलेल्या खोलीत पत्र्यात उतरलेला करंट तसाच बसून राहतो आणि पहिल्यांदा हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधीच स्विच पडलेला असतो. म्हणून चाळ कमिटीकडे किंवा मालकाकडे मीटर बोर्डाजवळ एक अर्थ पिट (जमिनीत खोदून केलेली अर्थिंगची जागा) मागा आणि तिथून आपल्या खोलीपर्यंत किमान 2.5 चौरस मिलिमीटरची हिरवी वायर घ्या. पिट फार उत्तम नसला तरी आरसीसीबीसोबत काम भागतं. हिशेब साधा आहे: स्पर्शाचं व्होल्टेज 50 च्या आत ठेवायचं, तर 30 मिलिअँपिअरसाठी जमिनीचा रोध 1666 ओहमपर्यंत चालतो. उलट 5 ओहमचा चांगला पिट असूनही, वीज कंपनीकडून वेगळी अर्थ वायर आलेली नसेल, तर गळतीचा करंट 46 अँपिअरच्या वर जात नाही. 16 अँपिअरच्या सी-प्रकारच्या एमसीबीला झटकन पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात.

दोन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करू देऊ नका. नळाच्या पाइपाला अर्थ बांधू नका. पाइप मधेच प्लास्टिकचा असतो आणि करंट शेजारच्या मोरीतल्या नळाला उतरतो. आणि सॉकेटच्या तिसऱ्या पिनेत न्यूट्रलची लूप मारू नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला की मशीनचा पूर्ण पत्रा 230 व्होल्टवर येतो.

खोलीसाठी दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) 25 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पुरतो. त्याच्या आधी 20 किंवा 25 चा दोन पोलचा एमसीबी हवाच, कारण आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला पडत नाही. आधीच्या एमसीबीपेक्षा आरसीसीबीचा अँपिअर आकडा कमी नसावा. डीबीत तो दोन एमसीबींएवढी जागा घेतो.

मे महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. पाऊस सुरू झाल्यापासून आठवड्यातून तीन-चार वेळा आरसीसीबी पडतो, कधी रात्री सगळं बंद असतानाही. वायरमनने तो बाजूला करून वायर डायरेक्ट जोडून दिली. आता पडत नाही. असंच ठेवलं तर चालेल का? (बोरिवली)

चालणार नाही. आजच परत जोडून घ्या. गळती होती तशीच आहे, फक्त ती सांगणारा घरातून गेला आहे.

शोध घरच्या घरी सुरू करता येतो. सगळे एमसीबी खाली करा आणि सगळे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग आरसीसीबीचा दांडा आधी पूर्ण खाली दाबून वर करा. टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला तो पडेल, गळती त्या सर्किटच्या वायरिंगमध्ये. सगळे टिकले तर एकेक उपकरण लावून बघा.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर बहुतेकदा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. इथेच बरेच वायरमन फसतात. एक पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून एमसीबी पाडून ही चूक सापडत नाही. तिचं लक्षण असं: हलक्या लोडवर स्विच टिकतो आणि इस्त्री किंवा एसी लावला की पडतो, मग बिचाऱ्या इस्त्रीवर आळ येतो. खरं तर लोड वाढला की न्यूट्रलमधला करंट अर्थच्या वाटेनेही फुटतो आणि हिशेब बिघडतो. यापुढचं काम परवानाधारक वायरमनचं: मेन बंद करून न्यूट्रल बारवरून एकेक न्यूट्रल सुटा करायचा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासायचं. रीडिंग 1 मेगोहमच्या खाली आलं की ती वायर संशयित. मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं, एलईडी दिवेसुद्धा, काढायची आणि आरसीसीबीच्या वायरी सोडवायच्या, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

मुंबईच्या पावसात पाणी कुठे शिरतं याच्या जागा ठरलेल्या आहेत: बाल्कनीतल्या दिव्याचा होल्डर, एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी नुसती टेप गुंडाळलेला जोड, ग्रिलमधून बाहेर नेलेली वायर, आणि वरच्या मजल्याच्या बाथरूममधून ओल उतरते त्या भिंतीतला जंक्शन बॉक्स. गिझरचा एलिमेंट वेगळाच. त्याच्या नळीला बारीक चीर गेली की आतली पूड ओल धरते. सुरुवातीला आरसीसीबी कधीमधी पडतो, पुढे गिझर लावला की लगेच. एलिमेंट बदलणं हा एकच उपाय.

रात्री सगळं बंद असताना पडतो म्हणता, पण फ्रिज चालू असतोच. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर ठरावीक तासांनी आपोआप लागतो. एक रात्र फ्रिजचा प्लग काढून बघा. अवेळी पडण्याचं कोडं अनेकदा तिथेच सुटतं.

किराणा दुकान आहे. दोन फ्रीजर, इन्व्हर्टर एसी, तीन बिलिंग कॉम्प्युटर, बाहेर दिव्यांची पाटी. सगळ्यांवर एकच 30 चा आरसीसीबी. दिवसातून दोनदा सगळं बंद पडतं. 100 चा लावू का? (दादर)

एकट्या 100 ने माणसाचं संरक्षण जातं. तुमचा प्रश्न आकड्याचा नाही, वाटणीचा आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून एकेकी साधारण 1 ते दीड मिलिअँपिअर कायम अर्थमध्ये जातात. फ्रीजर आणि एसीही आपापली भर घालतात. 30 च्या आरसीसीबीवर कायमची गळती 9 च्या आसपास थांबवावी, कारण तो 15 नंतर कधीही पडू शकतो. पाटीत पावसाचं थोडं पाणी गेलं की मर्यादा ओलांडली.

प्रत्येक फ्रीजर, एसी, काउंटर आणि पाटी यांना वेगवेगळा 30 मिलिअँपिअरचा आरसीबीओ द्या; त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. पाटी भिजून पडली तरी फ्रीजरमधला माल खराब होत नाही. मुख्य जागी 300 चा, 'एस' खुणेचा, थोडा उशिरा पडणारा आरसीसीबी ठेवा. तो आगीपासून संरक्षणासाठी. एसी इन्व्हर्टरचा असल्याने त्याच्यासाठी 'ए' प्रकार घ्या. साधा 'एसी' प्रकार अशा उपकरणातली तुटक डीसी गळती ओळखेलच असं नाही. लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, खरेदी करताना पुढच्या बाजूला छापलेली लाटेची खूण पाहा: नुसती एक लाट म्हणजे 'एसी', खाली तुटक अर्धलाटा असतील तर 'ए'. आयएसआय खुणेसोबत आयएस 12640 हा आकडा हवा.

जोडताना एक चूक हमखास होते. प्रत्येक आरसीबीओचा न्यूट्रल त्याचा त्यालाच परत यायला हवा. जुन्या सवयीने सगळे एका न्यूट्रल बारवर आवळले, तर पहिलं बटण दाबताच स्विच पडतो आणि नव्या मालाला नावं ठेवली जातात. यूपीएसवरच्या कॉम्प्युटरांचा न्यूट्रलही लाइटच्या न्यूट्रलला जोडलेला नाही ना, हे बघून घ्या.

टेस्ट बटण किती वेळा दाबायचं? आमचं दाबलं तर काहीच होत नाही. (वर्सोवा)

महिन्यातून एकदा, क्षणभर. दाबून धरू नका, आतला रोधक जळतो. घरात वीज असताना बटण दाबूनही स्विच पडत नसेल तर तो बदला. दुरुस्ती होत नाही. वर्षानुवर्षं न हललेला दांडा समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत अडकून बसतो, म्हणून तुमच्याकडे हे जास्त दिसतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वायरमनकडून टर्मिनलचे स्क्रू आवळून घ्या. तांब्याला हिरवट थर किंवा प्लास्टिकला काळपट डाग दिसला, तर वायरचं टोक कापून नवीन लग (टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावायला सांगा.

गणपतीच्या मंडपात डीबीवर 30 चा आरसीसीबी आहे. वीज गेली की भाड्याचा जनरेटर लावतो. तेव्हाही टेस्ट बटण दाबलं की पडतो, म्हणजे सुरक्षित ना? (गिरगाव)

नाही, आणि हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. टेस्ट बटण करंट आतल्या आत फिरवतं, त्याला जमिनीची गरजच नसते. बहुतेक छोट्या जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. मग एखादी वायर मंडपाच्या लोखंडाला लागली तरी करंटला परतीची वाट नाही, आरसीसीबी पडत नाही आणि चूक लपून राहते. पुढे दुसरी वायर कुठे उघडी पडली की धरणारा माणूस थेट दोन्हींच्या मध्ये येतो.

जनरेटरच्या जागीच, आरसीसीबीच्या आधी, त्याचा न्यूट्रल आणि सांगाडा एकत्र करून जमिनीत ठोकलेल्या अर्थ रॉडला जोडा. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र येऊ देऊ नका. मेन लाइनवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच न्यूट्रलही बदलणारा हवा: सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार. मंडपाचे लोखंडी खांब, कमान आणि स्टेजचा सांगाडा वेगळ्या हिरव्या वायरने त्याच अर्थला बांधा. रोषणाई, साउंड आणि प्रसादाचं स्वयंपाकघर यांना स्वतंत्र 30 चा आरसीसीबी द्या, म्हणजे पावसात कमानीवरची माळ भिजली तरी आरतीच्या वेळी गाभाऱ्यातला उजेड जाणार नाही. जनरेटर चालू असताना तपासणी टेस्ट बटणाने नाही, सॉकेटमध्ये लावायच्या आरसीसीबी टेस्टरने करा. तो गळती खऱ्या अर्थ वायरमध्ये सोडतो आणि किती मिलिसेकंदांत स्विच पडला ते दाखवतो. प्रत्येक डीबीच्या शेवटच्या सॉकेटवर हे रीडिंग घ्या आणि आकडा डीबीच्या दारावर चिकटवून ठेवा.